चावी होती, तरी पासवर्ड मागितला

त्या मंगळवारी सकाळी मी सुकट निवडत होतो आणि तू लॅपटॉप घेऊन समोर बसली होतीस. जमिनीवर पेपर पसरलेला, त्यावर सुकटीचा ढीग. मी डोकी-शेपट्या काढत होतो. तू मधूनच हात घालायचीस आणि मी निवडलेल्यातून राहिलेली एखादी मिशी उचलून बाजूला ठेवायचीस. नजर स्क्रीनवर, हात माझ्या ढिगात. शालू, हे तुझं मला कधीच आवडलं नाही. निवडायचं तर स्वतः निवड, दुसऱ्याच्या कामात बोटं घालू नकोस.

"अहो, हयसर बघा," तू म्हणालीस. "मशीन घाटकोपरात, आपण कांदिवलीक. एंटर मारलंय आणि गेलंय आत."

"कोण म्हणून विचारलं नाही?"

"नाय."

मला ते पटेना. गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एमआयडीसीत गेटवर उभा राहिलो तो रिटायर होईपर्यंत. ओळखीच्या साहेबालासुद्धा पास विचारायचा, ही माझी शिस्त. न विचारता आत घेणारा वॉचमन कसला?

"माझ्याकडे चावी हा," तू म्हणालीस.

"दाखव."

"ती दिसत नाय ओ. अर्धी ह्या लॅपटॉपात, अर्धी त्या मशीनीत, माझ्या घरात. दोनय अर्धे जुळले की तो गप आत घेता. पासवर्ड विचारीत नाय."

"मशीनमध्ये तुझं घर आहे?"

"माझ्या नावाचा खोका. त्याका घरच म्हणतत."

मी म्हटलं, म्हणजे दोन बायका झिम्मा खेळताना टाळी देतात तसं. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "चौथी पास माणसाच्या मानान बरा कळता तुमका." मी हसलो. तूही हसलीस. मग कांदा घालून सुकट केलीस आणि आपण भाकरीबरोबर खाल्ली.

बुधवारी तू गेलीस. ते मी लिहीत नाही. ते तुला माहीत आहे, आणि मलाही पुरतं माहीत झालंय.

मला लिहायचंय ते त्या मशीनबद्दल. तू असतीस तर विचारलं असतं. आता कागदावर विचारतो. अक्षर वाईट आहे, चालवून घे.

घाटकोपरची आपल्या गावच्या मंडळाची खोली. गिरणीच्या दिवसांत तिथं आमच्यासारखे पंचवीस सडे पुरुष वळकट्या टाकून झोपायचे. आता तिथं वर्षाची पूजा होते, कोण गेलं तर सभा होते, आणि एका कोपऱ्यात तुझं मशीन असतं. तू कामाला होतीस त्या बोरिवलीच्या कॉलेजनं ते टाकून दिलं होतं. तू आणि तुझी कॉम्प्युटर रूममधली सोबतीण सिंथिया, दोघींनी रिक्षातून आणलंत, पुसलंत, चालू केलंत. पूजेचे फोटो, जुन्या म्हाताऱ्यांचं बोलणं, सगळं तू त्यात भरून ठेवायचीस. रोज घाटकोपरला जाणं जमत नाही म्हणून घरून शिरायचीस.

आणि त्यात एक वस्तू अशी होती, जी माझी ऐकायची राहिली होती.

मागच्या पूजेला ते झालं. गाऱ्हाणं घालणारा दाजी आजारी पडला. आता गाऱ्हाणं म्हणजे काय हे तुला मी काय सांगू, तुझा बापूस गावकार. देवापुढं उभा राहून आरोळी ठोकायचा, एकेक मागणं मागायचा, आणि अख्खा गाव प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचा. तुला ते लहानपणापासून तोंडपाठ. तू पुढं झालीस आणि म्हणालीस, "मी घालतंय."

लोक हसले. ते हसले त्याचं काही नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "गप बस. बायकांनी घालायची रीत नाही."

मग मीच उभा राहिलो आणि अर्ध्यात विसरलो. तू मागून हळू आवाजात पुढचे शब्द सांगितलेस. लोकांना वाटलं मला येतं.

परतताना मेट्रोनं अंधेरीला आलो. उतरताना म्हणालीस, "बाईन मागला तर देव काय कान झाकून घेता?" मी म्हटलं, रीत ती रीत. वाद तिथंच राहिला. महिन्याभरानं एकदा घाटकोपरहून आलीस, चपला काढता काढता म्हणालीस, "माझा गाऱ्हाणा मंडळाच्या मशीनवर घालून इलंय. तुमका वाटात तेव्हा आयका. पण आयकलात तर व्हय म्हाराजा म्हणूक होया. फुकट आयकूचा नाय."

मी म्हटलं, बघू.

बघू म्हणण्यात वर्ष सरत आलं.

आता मशीन पासवर्ड का मागायला लागलं ते सांगतो. आधीच सांगून टाकतो, चूक माझी. पण मला ती कळायला बरेच दिवस लागले.

तुझ्या शोकसभेच्या आदल्या दिवशी वसंताचा फोन आला. मंडळाचा सचिव, टक्कल पडलेला, तरी अजून सगळ्यांना काका म्हणतो. "काका, काकीचा फोटो मोठा करून लावायचाय. मंडळाच्या मशीनवर आहेत, पण काकीच्या नावाचं खोकं उघडत नाही. परवानगी नाही म्हणतंय."

मी तुझा लॅपटॉप उघडला. घाटकोपरचं चित्र होतं त्यावर दोनदा दाबलं. गेलो की आत! मला कोणी विचारलं नाही. तुझी चावी माझ्या हाताखाली चालली. तुझ्या नावाचं सगळ्यात बाहेरचं खोकं, तेच ते तू म्हणालेलं घर, त्यावर माउसचं उजवं बटण दाबलं, जसं तू फोटोंच्या वेळी दाबायचीस. तिथं लिहिलेलं, कोणी काय करायचं. मालकानं काय, बाकीच्यांनी काय. मी एकेक करून सगळ्यांना सगळं देऊन टाकलं. वाचा, लिहा, टाका, काढा. मंडळाचं मशीन, आपलीच माणसं, कोणाला कशाला बाहेर ठेवायचं?

वसंताला फोटो मिळाला. म्हणाला, "काका, आतलं एक खोकं मात्र उघडत नाही. नाव गाऱ्हाणा." मी म्हटलं, ते राहू दे. ते मला माझ्या मनानं उघडायचं होतं. तेरावं होऊ दे म्हटलं. पुन्हा माझं बघू.

तेराव्यानंतर बसलो. चित्रावर दोनदा दाबलं. आणि पाटी आली. पासवर्ड.

मला आधी वाटलं माझं बोट चुकलं. पुन्हा दाबलं. पासवर्ड. लॅपटॉप बंद करून चालू केला. पासवर्ड. परवा मला ओळखणारा, आज कोण म्हणून विचारतोय!

मग मी पासवर्ड शोधायला लागलो. काय ठेवला असशील? आधी माझं नाव टाकलं. सांगायला लाज वाटते, पण टाकलं. नाही. तुझ्या माहेरच्या गावाचं नाव. नाही. तुझ्या बापसाचं. नाही. तीनदा झालं की तो बोलणंच बंद करतो, पुन्हा पहिल्यापासून. मी दिवसभर बसलो ग. चाळीस-बेचाळीस वर्षं एका छपराखाली काढली, आणि तू एखादा शब्द लपवायचा म्हटलंस तर कुठला लपवशील, हे मला सांगता येईना. राग आला. मग नवल वाटायला लागलं. एकेक आठवायचो आणि थांबायचो. तुला आवडायचं काय? शेवंती? हां, पण शेवंती तर तुझ्या आईला आवडायची. तुला काय आवडायचं हे मी कधी विचारलं होतं का?

त्यात वसंताचा पुन्हा फोन. "काका, कमिटी म्हणते मशीन पुसून नव्यानं भरू. रविवारी माणूस येतोय. काकीचं काही असेल तर त्याच्या आत काढून घ्या."

तेव्हा माझी वाट लागली. मी सिंथियाला फोन केला.

तुला माहीत आहे, ती मला घाबरत नाही. गोराईची बाई, खाडीचा वारा खाल्लेली. मी सगळं सांगितलं, टाकलेले शब्दसुद्धा.

"भावजी, तुझा डोका हाय का भोपला?" ती म्हणाली. "पासवर्ड कशाला शोधतो? शालू पासवर्ड वापरतच नव्हती. तिला तो आठवत तरी असेल काय? तू शोध, चावी का लागली नाय."

बघ, नऊ दिवस मी चुकीचा प्रश्न घेऊन बसलो होतो.

तिनं फोनवरच मला काळी खिडकी उघडायला लावली, जिच्यात तू टकाटक टाईप करायचीस. म्हणाली, टाक काहीतरी पासवर्ड म्हणून, मी बघते पुढं काय होतं. मी टाकला. स्क्रीनवर काहीच उमटेना. मी म्हटलं, कीबोर्ड मेला. ती फोनवर एवढी हसली की तिच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"मेला नाय. मुद्दाम दाखवत नाय तो. मागं उभा असलेल्यानं अक्षरं मोजू नयेत म्हणून."

हे मला पटलं. हुशार वॉचमन आहे.

मग तिनं एक छोटं अक्षर जास्तीचं टाकायला लावलं, आणि मशीन बडबडायला लागलं. इकडे गेलो, तिकडे गेलो, हे दाखवलं, ते दाखवलं. ओळीच्या ओळी. मी एकेक इंग्रजी अक्षर लावून तिला वाचून दाखवलं. अर्धा तास गेला. ती ऐकत होती, शिव्या न देता.

"थांब. ही ओळ परत वाच. बरं. भावजी, तुझ्याकडून चावी निघाली. घाटकोपरपर्यंत पोचली. तिकडच्यानं घेतली, बघितली आणि परत दिली. मगच पासवर्ड मागितला."

"का परत दिली?"

"ते तो दारात सांगत नाय."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आम्हीपण नाही सांगायचो. पास चालणार नाही, एवढंच म्हणायचं. का ते रजिस्टरात लिहायचं."

ती म्हणाली, "अरे, तुला मी एवढे दिवस येडा समजत होते. हाय ना त्याच्याकडे रजिस्टर! पण ते आत हाय. माझं नाव हाय त्या मशीनवर अजून. शनिवारी चल."

शनिवारी ती गोराईची बोट धरून बोरिवलीला उतरली. मी धक्क्यावर उभा होतो. तिनं तुझ्यासाठी आणायची तशी बोंबलाची पिशवी आणली होती. पुढं केली, मग तिला आठवलं. ती हात मागं घ्यायला लागली. मग मी घेतली. अंधेरीहून मेट्रो धरली. वाटेत ती बोलत होती तुमच्या कॉलेजचं. तू म्हणे पोरांना सांगायचीस, मशीन नाही म्हणालं की चिडू नका, कशाला नाही म्हणालं ते विचारा. मला हे कधी सांगितलं नव्हतंस. की सांगितलंस आणि मी ऐकलं नाही?

मंडळाच्या खोलीत वसंता चहा घेऊन उभा. सिंथिया तुझ्या खुर्चीवर बसली, स्वतःच्या नावानं आत गेली आणि रजिस्टर काढलं. बोट लावून खाली खाली गेली. मी टाकलेला एकेक पासवर्ड-प्रयत्न तिथं लिहिलेला, वेळेसकट. शब्द नाही, फक्त चुकला म्हणून. आणि त्याच्या वर प्रत्येक वेळी एकच ओळ.

"हं," ती म्हणाली. "हे बघ. म्हणतोय, शालूच्या घराची परवानगी खराब हाय. भावजी, हे घर सगळ्यांना कोणी उघडून दिलं?"

मी म्हटलं, "मी."

"सगळ्यांना? लिहायलापण?"

"मंडळ आहे. परका कोण?"

तिनं चष्मा काढला. "तिची अर्धी चावी त्या घरात ठेवलेली. तू घरात कोणालापण शिरायला दिलंस. उद्या कोणी शिरून तिची चावी काढील, आपली ठेवील, आणि शालू म्हणून येईल जाईल. मग तो म्हणतो, असल्या उघड्या घरातल्या चावीवर मी विश्वास ठेवत नाय. पासवर्ड दे."

शालू, मला एका झटक्यात कळलं. कंपनीत एकदा मागची भिंत पडली होती. मी पुढच्या गेटवर पास तपासत बसलेलो. सुपरवायझर म्हणाला, कशाला तपासतोस, मागून बैल शिरतोय. तेव्हा मी स्वतः म्हटलं होतं, आजपासून पासवर नाही, प्रत्येकाचं तोंड बघून आत घेईन. त्या मशीननं तेच केलं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. मला त्याचा राग होता, तो गेला.

आणि मग दुसरं आठवलं. आपलं कांदिवलीचं दार.

चाळीत होतो तोवर दार लावायचा प्रश्न नव्हता. बिल्डिंग झाली, चौथा मजला मिळाला, आणि तू दाराला कडी घालायला लागलीस. मी काढायचो. तू घालायचीस. "माणसां येतत तशी मांजरांय येतत," तू म्हणायचीस. "घर उघडा टाकूक ता काय एसटी स्टँड हा?" मी म्हणायचो, आपल्यात दार लावतात ते कोण गेलं की. दुसऱ्यांची गेटं जन्मभर लावली, स्वतःचं लावणार नाही. हा वाद बारा वर्षं चालला. तू मेलीस तरी मी जिंकलोच नाही बघ. घाटकोपरच्या एका टाकून दिलेल्या मशीननं तुझी बाजू घेतली.

सिंथियानं दोन शब्द टाईप केले. तुझं घर पुन्हा तुझं झालं. एवढंच काम होतं. चहा गरम होता अजून.

वसंता म्हणाला, "काका, आता ते गाऱ्हाणं लावा ना. सगळेच ऐकू."

"नाही."

"मग पुसायच्या आधी..."

"पुसतोस?" सिंथिया खुर्चीतून उठली. "तुझं टक्कल पुसते मी आधी." वसंतानं तिथंच फोन लावून माणसाला नको म्हणून सांगितलं. सिंथियानं तरी सगळ्याची पेनड्राइव्हवर एक नक्कल करून पर्समध्ये टाकली. मला म्हणाली, ह्या नकलेवरून ऐकतोस? मी म्हटलं, ती तुझ्याकडे राहू दे. मी शालूच्या वाटेनं जाईन. घरून.

दुसऱ्या दिवशी रविवार. उठलो, तोंड धुतलं, चहा केला. एक कप. दूधवाला येऊन गेला. मग दाराशी गेलो आणि कडी घातली. स्वतःच्या हातानं, दिवसाउजेडी. समोरच्या बाईला काय वाटलं असेल ते असो.

लॅपटॉप उघडला. काळी खिडकी. तू टाकायचीस तो छोटा शब्द टाकला, एंटर मारला. विचारलं नाही. गप आत घेतलं. मग चित्रातून गेलो, गाऱ्हाणा, दोनदा दाबलं.

आधी पंख्याचा आवाज. मग तू खाकरलीस. मग आरोळी. बापसाची आरोळी, तुझ्या आवाजात.

"बा देवा, म्हाराजा! आज ही तुझी लेक एकटीच उभी हा. मागं कोण नाय. तरी आयक. गावचे जे मुंबयक ऱ्हवतत, त्यांका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

आणि तू थांबलीस. मला कळेना कशाला थांबलीस. मग तू पुढं गेलीस आणि मला कळलं, ती जागा माझी होती. प्रत्येक मागण्यापुढं तू जागा ठेवली होतीस. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"त्यांका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"सिंथियाची खाडी, तिची बोट, तिचा कुत्रा, सगळा सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"ह्या माझ्या म्हाताऱ्याक दाराक कडी घालूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

मी दाराकडं बघितलं. हसू आलं, आणि हसताना म्हटलं, "व्हय म्हाराजा."

पंखा वाजत होता. पुढं बोललीस ते आरोळीनं नाही, आपल्या खोलीत बोलायचीस तसं.

"आणि म्हाराजा, माझी कूस उजवूची म्हणून हे सगळे दर वर्साक मागत इले. मी मागं उभी ऱ्हवान आयकत इलंय. कोणी माका विचारला नाय. आता ता मागणा माझ्या नावावरसून काढून टाक. माका काय कमी पडला नाय. ह्यो एक माणूस दिलंस, सुकट निवडता, ता पुरला. ह्येका ह्या खरा वाटू दी रे म्हाराजा."

शालू, दर पूजेला त्या मागण्याला सगळ्यात मोठ्यानं व्हय म्हणणारा मी होतो. तू मागं उभी असायचीस. मी कधी वळून बघितलं नाही.

ती जागा रिकामी गेली. मी मागं नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा उभा राहिलो, हात जोडले, आणि तू "खरा वाटू दी" म्हणालीस तसं दार, भिंत, शेजारी, रीत, कोणाचीही पर्वा न करता आरोळी ठोकली.

व्हय म्हाराजा.